पहिला पेला संत तोमासचा

ठक्. ठक्. ठक्.

दुपारची जेवणं उरकली की आमचं गाव गप्प होतं. कुत्री बैलगाडीखाली जाऊन पडतात, कोंबड्या आंब्याच्या सावलीत डोळे मिटतात, आमच्या घरच्या देओलिंदाचा झुले विणायचा मागसुद्धा थांबतो. मग तीनच्या सुमाराला कुठल्यातरी स्वयंपाकघरात लाकडी खलात बत्ता पडतो. कोणीतरी पुदिना आणि गवती चहा कुटायला घेतलेला असतो. एका घरातून आवाज आला की शेजारच्या घरातून येतो, मग त्याच्या पलीकडच्या. मित्रांनो, त्या आवाजाने मी जागा होतो.

मी एक जुना शिंगाचा पेला आहे, आमच्याकडे त्याला ग्वाम्पा म्हणतात. पाराग्वायमधल्या कारापेग्वा गावात, देओलिंदाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मी उपडा ठेवलेला असतो. माझ्या कडेची पांढऱ्या धातूची पट्टी थोडी वाकलीय, अंगावरच्या कातड्याची शिवण दोन ठिकाणी उसवलीय, आणि एका बाजूला केसाएवढी बारीक चीर आहे. त्या चिरेची गोष्ट मी पुढे सांगणारच आहे.

पेला होण्याआधी मी एका बैलाच्या डोक्यावर होतो. त्याचं नाव लुसेरो. तो उसाची गाडी ओढायचा, आणि कपाळावर माशा बसल्या की मान हलवायचा, तेव्हा मला सगळं आभाळ हलताना दिसायचं. तो म्हातारा होऊन गेला. मग विल्फ्रिदो नावाच्या एका लाजाळू तरुणाने मला कारागिराकडे नेलं. कारागिराने मला उकळलं, घासलं, लाकडाचा तळ बसवला, धातूची कड दिली आणि कातड्यात शिवलं. किती दुखलं म्हणून सांगू! पण गावाच्या जत्रेत विल्फ्रिदोने मला देओलिंदाच्या हातात ठेवलं, आणि तिने मला असं काही धरलं की सगळं दुखणं मी विसरलो.

त्या दिवशी देओलिंदा पहिल्यांदा त्याच्याशी भरभरून बोलली. बोलताना ती माझ्याकडेच बघत होती. ती नऊ वर्षांची असताना तिला राजधानीत, आसुन्सिओनला, एका दूरच्या आत्याकडे 'शिकायला' ठेवलं होतं. सकाळी घरातली कामं, दुपारी शाळा, असं ठरलं होतं. "पण कामं संपायचीच नाहीत," ती म्हणाली. "सहा वर्षांत मी एकच गोष्ट पक्की शिकले. पांढऱ्या सदऱ्याची कॉलर कशी इस्त्री करायची." विल्फ्रिदोने मला परत भरलं आणि तिच्या हातात दिलं.

आता माझं काम कसं चालतं ते सांगतो. माझ्यात येर्बा नावाच्या झाडाची वाळवून कुटलेली पानं भरतात, एक धातूची नळी खोचतात आणि वरून बर्फाचं, औषधी पाल्याचं थंडगार पाणी ओततात. याला तेरेरे म्हणतात. सगळे गोल बसतात. पेला एक, नळी एक, माणसं कितीही. घरातलं सगळ्यांत लहान माणूस ओततं. एकाला भरून द्यायचं, त्याने संपवून परत द्यायचं, मग पुढच्याला. जो पेला धरून गप्पा मारत बसतो, त्याला ओरडा बसतो, "अहो, तो माईक नाही! द्या इकडे!"

आणि पहिला पेला कोणीच पीत नाही. कोरडी पानं ते पाणी गपकन ओढून घेतात. पण आमच्याकडे म्हणतात, पहिला पेला संत तोमासचा. तो पिऊन जातो, मग आपण प्यायचं.

किती वर्षं मी असा हातोहात फिरलो! देओलिंदाचं विल्फ्रिदोशी लग्न झालं, येरुती झाली, पुष्कळ वर्षांनी अरामी झाली, घराला पत्र्याऐवजी कौलं आली, या सगळ्याची बोलणी माझ्याभोवती बसूनच झाली. मी एकट्या कोणाचा नव्हतो, त्यामुळे सगळेच मला जपायचे. "या ग्वाम्पातलं पाणी गोड लागतं," असं शेजारची निमियामावशी म्हणायची, आणि मी शिंगाचा असूनही लाजायचो.

चार वर्षांपूर्वी विल्फ्रिदो बांधकामाच्या कामासाठी अर्जेंटिनात, बुएनोस आयरेसला गेला. तो गेला त्याच दुपारी बाकीचे गोल बसले. देओलिंदाने त्याची खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि बाकीच्यांनी आपापल्या खुर्च्या थोड्या थोड्या पुढे ओढल्या. झालं. गोल लहान झाला. अरामी तेव्हा दोन वर्षांची होती, तिला ते आठवतही नाही.

मग यंदा मार्चमध्ये येरुतीच्या शाळेतून एक कागद आला.

येरुती अठरा वर्षांची, गणितात पहिली. तिला परदेशी शिकायला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळण्यासारखी होती. कागदावर पाच देश छापलेले होते आणि खाली लिहिलं होतं: फक्त एकाच देशापुढे खूण करावी. तीन आठवड्यांनी, शुक्रवारी तो कागद परत द्यायचा होता.

मित्रांनो, एवढ्याशा चौकोनात खूण करायची, पण आमच्या अंगणात त्यावरून रोज दोन भांडी बर्फ संपायचा.

"स्पेन!" निमियामावशी मला हातात धरून म्हणाली. तिने येरुतीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेतलं होतं, त्यामुळे तिचा अधिकार मोठा. "भाषा आपली, देव आपला. माझी भाची आहे तिकडे."

"काय करते भाची?" येरुतीने विचारलं.

"म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. पण फोटो काय सुंदर टाकते गं!"

"माईक सोड, निमिया," एलादियोमामा म्हणाला. हा देओलिंदाचा भाऊ. त्याने मला घेतलं, एका घोटात रिकामं केलं. "ब्राझील. फुटबॉल बघायला मिळेल."

"मामा, मी शिकायला चाललेय."

"मग शिकून झालं की बघ! मी कुठे म्हणतो अभ्यास सोडून बघ?"

देओलिंदाने वाद घातला नाही. तिचा नंबर आला तेव्हा ती शांतपणे प्यायली आणि म्हणाली, "बुएनोस आयरेस. बाप तिथे आहे. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

येरुती हळूच म्हणाली, "आणि तैवान?"

"ते कुठे आलं?"

"आपल्या पायाखाली. इथून सरळ खाली खणत गेलं, तर त्याच्या आसपास कुठेतरी बाहेर निघतो आपण."

एलादियोमामा हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. पण सहा वर्षांच्या अरामीने ते फार मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातला मोठा चमचा घेऊन आंब्याखाली खणायला बसली.

येरुतीला तैवान का हवा होता, ते तिने आधी मलाच सांगितलं. सगळे उठून गेले की ती मला नळाखाली धरते, बोटाने ओला चोथा काढते आणि बोलते. "आई सूत विकत आणते ना, त्या खोक्यांवर परदेशी अक्षरं असतात. कापूस आपल्याकडे पिकतो, आणि झुल्याचं सूत मात्र समुद्र ओलांडून येतं. मला सूत बनवायचं यंत्र शिकायचंय. तिथे चांगलं शिकवतात." मग तिने मला खिडकीत उपडं ठेवलं.

विल्फ्रिदोचा फोन रविवारी येतो. त्या रविवारी देओलिंदाने फोन माझ्या अंगाला टेकवून उभा केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. त्याचा आवाज लांबून, पण मायेचा आला. "इकडेच पाठव गं तिला. आम्ही सहाजण एका घरात राहतो, स्वयंपाकघराला लागून एक कोपरा आहे, तिथे पडदा लावतो. बाहेरचं खाऊन खाऊन पोटं बिघडलीत सगळ्यांची. तिच्या हातचं मिळेल. आणि शिकेलही."

फोन बंद झाला. देओलिंदा डोळे पुसत हसली. "बघ, कसा वाट बघतोय!"

नळाशी आल्यावर येरुतीने मला नेहमीपेक्षा जरा जोरात खरवडलं. "ऐकलंस?" ती म्हणाली. "'आणि शिकेलही.'"

मला बोलता येत असतं तर मी त्याच वेळी देओलिंदाला हाक मारली असती. तिला त्या इस्त्री केलेल्या कॉलरची आठवण करून दिली असती. पण आम्ही पेले. आमच्या पोटात किती तरी बोलणं जातं, आणि बाहेर फक्त पाणी येतं.

कागद द्यायच्या शुक्रवारच्या आधीच्या शनिवारी तैवानची एक शिक्षिका घरी आली. शाळेने शिष्यवृत्तीसाठी नावं सुचवलेल्या मुलांच्या घरी जायचं, आईवडिलांशी बोलायचं, हे तिचं काम. तिचं नाव लिन. लहान चणीची, कपड्यांची घडी न मोडलेली, आणि घामाने पार भिजलेली. त्या दिवशी उन्हाने कहर केला होता. देओलिंदाने अंगण शिंपडलं, खुर्च्या मांडल्या, बर्फ फोडला. अरामीने पहिला पेला संत तोमासचा म्हणून बाजूला धरला, पाणी मुरू दिलं, आणि मला दुसऱ्यांदा भरून पाहुणीला दिलं.

लिनबाईंनी मला दोन्ही हातांनी घेतलं, मान झुकवली आणि सगळं पाणी संपवलं. मग मला मांडीवर ठेवून बोलायला लागल्या.

सगळे थांबले.

लिनबाई विद्यापीठाबद्दल सांगत होत्या. अरामी पाण्याचं भांडं घेऊन त्यांच्या शेजारी उभी. लिनबाईंना वाटलं, ही मुलगी आणखी वाढायला उभी आहे. त्यांनी हसून मला पुढे केलं. अरामीने आईकडे बघितलं. आईने डोळ्यांनीच सांगितलं, ओत. अरामीने ओतलं. लिनबाई प्यायल्या. मी परत मांडीवर.

असं सहा वेळा झालं, मित्रांनो. भांड्यातला बर्फ संपत आला. निमियामावशी ओठांवरून जीभ फिरवत होती. लुसेरो उसाकडे बघायचा, तसा एलादियोमामा माझ्याकडे बघत होता.

"आई," अरामी गुआरानी भाषेत कुजबुजली, "तिला सांगू का, हा माईक नाही म्हणून?"

"गप्प. पाहुणी आहे."

"मामाला तहान लागलीय."

"मामा मरत नाही एवढ्यात."

"तसं ठामपणे काही सांगता येत नाही," मामा पुटपुटला.

आणि लिनबाई यातलं काही न कळता येरुतीला फोनमधली चित्रं दाखवत होत्या. हॉलभर लांब यंत्रं, त्यावर हजारो रिळं एकाच वेळी फिरताहेत. येरुती ती चित्रं बघत होती, आणि देओलिंदा येरुतीकडे बघत होती.

निघताना लिनबाई उठल्या, मला छातीशी धरलं आणि प्रत्येकासमोर वाकून नमस्कार केला. "फार सुंदर आहे," त्या माझ्याबद्दल म्हणाल्या. "मी नीट ठेवीन." आणि मला पिशवीत घातलं.

फाटक देओलिंदाने स्वतः उघडून दिलं. आमच्याकडे पाहुण्याच्या हातातलं काढून घेत नाहीत. पण पिशवीच्या तोंडातून मला तिचा चेहरा दिसला. एवढा कोरडा चेहरा मी विल्फ्रिदो गेला तेव्हाही पाहिला नव्हता.

नंतर घरात काय झालं, ते मला अरामीने सांगितलं. मला पुसताना ती सगळं सांगते. देओलिंदा म्हणाली, "संपला विषय. ज्यांना पेला परत द्यायचं कळत नाही, ते माझी पोर परत देतील?"

यावर येरुती पहिल्यांदा आईसमोर मोठ्याने बोलली. "आई, आपण पाचजण होतो! पाचातल्या एकाने तरी तिला सांगितलं का? सगळे आपले गोड हसत बसलो. उद्या मी तिकडे काही चुकले, तर तिथलेही असेच गोड हसत बसतील. मला त्याची भीती वाटते. पेल्याची नाही."

"म्हणून म्हणते, बापाकडे जा. तिथे चुकलीस तर बाप सांगेल."

"बाबांकडे मी चुकणारच नाही, आई. सहाजणांचा स्वयंपाक मला येतो."

असं म्हणून ती आत निघून गेली. देओलिंदा मागावर जाऊन बसली, पण त्या दिवशी माग चालला नाही.

इकडे मी राजधानीत होतो. लिनबाईंच्या खोलीत एका फळीवर चार पेले होते, प्रत्येकाला आपापलं झाकण. मला त्यांच्या रांगेत पाचवा ठेवलं. संध्याकाळी त्या माझ्यात गरम चहा ओतायच्या आणि एकट्या प्यायच्या. पिताना फोनवर त्यांच्या आईशी बोलायच्या. मला त्यांची भाषा कळत नव्हती. पण घरापासून लांब राहणारं माणूस 'मी मजेत आहे' असं सांगतं तो सूर मला ओळखता येतो. विल्फ्रिदोचा तोच सूर असतो.

चहा झाला की त्या मला लिंबाच्या साबणाने घासून घासून धुवायच्या आणि उन्हात ठेवायच्या. फार मनापासून करायच्या. शिंगाला साबण सोसत नाही, ऊन तर त्याहून नाही, हे त्यांना कोण सांगणार? चौथ्या दिवशी माझ्या अंगात बारीकसा आवाज झाला. कट्. तीच ही चीर.

त्याच दिवशी घरमालकीण भाजी द्यायला आली आणि मला उन्हात बघून तिने कपाळावर हात मारला. "अहो, हा कुणाचा उचलून आणलात?"

"मला भेट दिला," लिनबाई म्हणाल्या.

"जुना, पिऊन पिऊन काळा झालेला ग्वाम्पा कोणी भेट देतं का? कुणाच्या घरचा रोजचा पेला आहे हा! सगळे मिळून पितात यात. कसं झालं सांगा बघू."

लिनबाईंनी सांगितलं. घरमालकीण आधी हसली, पोट धरून हसली. पण लिनबाईंचा हात तोंडावर गेलेला बघून ती थांबली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आम्ही बसने कारापेग्वाला आलो. सबंध रस्ता त्यांनी मला दोन्ही हातांत धरलं होतं. शुक्रवारी कागद द्यायचा होता. नंतर अरामीने सांगितलं, कागदावर येरुतीने पेन्सिलीने अर्जेंटिनापुढे खूण करून ठेवली होती. आईने 'कर' म्हटलं म्हणून.

फाटकाशी उभं राहून लिनबाईंनी मला पुढे केलं आणि मान इतकी खाली घातली की देओलिंदा घाबरली. "अहो, अहो, असं काय! या, बसा आधी."

खल वाजला. बर्फ फुटला. पहिला पेला संत तोमासचा झाला. दुसरा अरामीने लिनबाईंना दिला आणि या वेळी आईला न विचारता सांगून टाकलं, "हे बघ, हा तुझा नाही. सगळ्यांचा आहे. प्यायचं आणि मला परत द्यायचं. धरून बसायचं नाही."

"अरामी!" देओलिंदा ओरडली.

पण लिनबाईंनी एका दमात पिऊन मला लगेच परत दिलं. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. पुढचा नंबर एलादियोमामाचा. त्याने एक घोट घेतला, थांबला, आणि गंभीरपणे म्हणाला, "देओलिंदा, आज तेरेरे प्यायलं की वेगळी आंघोळ करायची गरज नाही."

आधी निमियामावशी फुटली, मग येरुती, मग लिनबाई. त्या इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी हसणं थांबल्यावरही थांबेना.

"आमच्याकडे," त्या म्हणाल्या, "पाहुण्याच्या हातात पेला दिला की तो त्याचा. तो जाईपर्यंत आपण भरत राहतो. रिकामा परत दिला तर यजमानाला वाईट वाटतं, म्हणून मला वाटलं, हा तुम्ही मला भेटच दिलात. मी चौदा महिने या देशात आहे. रोज काही ना काही चुकत असेन. सगळे हसतात, छान वागतात. मला कोणी सांगत नाही. आज पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं." आणि त्यांनी अरामीकडे बघितलं. अरामीने मान ताठ केली.

देओलिंदाने मला हातात घेतलं होतं. ती प्यायली नाही. "एक विचारू? खरं सांगा. माझी मुलगी तिकडे चुकली, तर तिला कोण सांगेल?"

मित्रांनो, इतके दिवस जो तो येरुतीला सगळ्या देशांबद्दल छान छानच सांगत आला होता. मला वाटलं, आताही तसंच काहीतरी येणार.

लिनबाईंनी बराच विचार केला. "बहुतेक कोणी नाही," त्या म्हणाल्या. "आमची माणसं वाईट नाहीत. तुमच्यासारखीच आहेत. गप्प बसतील. पहिलं वर्ष तिला कठीण जाईल."

देओलिंदाने मला धरून ठेवलं होतं, आणि कोणी माईकचा विनोद केला नाही.

मग येरुती म्हणाली, "तर मग मीच विचारत जाईन. 'माझं काय चुकलं, सांगाल का?' हे तुमच्या भाषेत कसं म्हणतात? मला आधी तेच शिकवा."

लिनबाईंनी सांगितलं. येरुतीने म्हणून पाहिलं. लिनबाईंनी मान हलवली, पुन्हा म्हणायला लावलं. चौथ्या वेळेला बरोबर आलं.

देओलिंदा लेकीच्या तोंडाकडे बघत होती. "मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. तिने ही गोष्ट मुलींना कधी सांगितली नव्हती. "आसुन्सिओनला आत्याकडे शिकायला गेले. आपल्याच माणसाकडे. जवळ होतं म्हणून सगळे निर्धास्त होते. आणि तिथे मला सगळे सगळं सांगायचे, गं. भांडी नीट लागली नाहीत, फरशी ओली राहिली, कॉलर चुरगळली. पुस्तकात काय चुकलं, ते मात्र कोणी सांगितलं नाही. पुस्तक उघडलंच नाही तर चुकणार काय?"

ती थांबली. मग मी तिच्या हातात आहे हे तिच्या ध्यानात आलं. तिने साबणाची चव असलेलं ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं आणि मला अरामीकडे दिलं.

"खोडरबर आण," ती येरुतीला म्हणाली. "आणि पेन. तुझ्या बापाशी मी बोलते."

रविवारी ती बोलली. या वेळी तिने फोन माझ्या अंगाला टेकवला नाही. कानाला लावून आंब्याखाली गेली, अरामीच्या खड्ड्याशी फेऱ्या घालत राहिली. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "रागावला नाही. विचारत होता, तिकडे थंडी असते का. स्वेटर पाठवतो म्हणाला."

ऑगस्टमध्ये येरुती गेली. जाताना देओलिंदाने मला चोळून पुसलं आणि तिच्या पिशवीत घालायला काढलं. येरुतीने मला परत खिडकीत ठेवलं. "हा इथेच राहू दे. हा सगळ्यांचा आहे." मग तिने सगळ्यांसमोर हात जोडून आशीर्वाद मागितला. आधी निमियामावशीकडे, मग मामाकडे. आईकडे सगळ्यांत शेवटी.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. चिरेतून थेंब थेंब गळायला लागलो, म्हणून देओलिंदाने तिथे मेण लावलंय. तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी असेलच. एखादं पातेलं, एखादी सतरंजी, एखादा पाट, जो एकाचा नसतो, सगळ्यांचा असतो. त्याला जपा. साबणाने, उन्हाने नाही, हाताने जपा. आणि तुमच्याकडे कोणी लांबून आलं आणि त्याला ते वापरायचं कसं हे कळलं नाही, तर हसत गप्प बसू नका. त्याला सांगा. अरामीने सांगितलं तसं, सरळ आणि प्रेमाने. कारण तुमच्याच घरातलं कोणीतरी कुठेतरी असंच हातात पेला धरून बसलेलं असेल.

येरुती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार मला आठवते. खल वाजला. सगळे येऊन बसले. आंब्याखालचा खड्डा आता अरामीच्या गुडघ्याएवढा झाला होता. त्याच्याशेजारी येरुतीची खुर्ची रिकामी होती. अरामीने संत तोमासचा पेला भरला, पानांनी पाणी ओढून घेतलं. मग मामाचा नंबर झाला, मग निमियामावशीचा.

देओलिंदा उठली. तिने येरुतीची खुर्ची पाठीला धरून उचलली. भिंतीला लावायला, चार वर्षांपूर्वी लावली होती तशी.

"नको ना, आई!"

अरामीने मला भरून हातात धरलं होतं. पाणी कडेपर्यंत आलेलं, बर्फाचा एक तुकडा आत हळूहळू फिरत होता.

"तिचा नंबर आलाय," अरामी म्हणाली.

"ती नाहीये ना बाळा. पुढे दे."

अरामीने मला पुढे दिलं नाही. तिने खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग आईकडे.

"संत तोमास तर कधीच येत नाही," ती म्हणाली. "तरी रोज पहिला नंबर त्याचाच असतो. मग येरुतीचा का नाही?"

देओलिंदाने खुर्ची होती तिथेच परत टेकवली.